संडे, बुधवार आणि काउंटरवरची जागा

आइस्क्रीमच्या दुकानात मेनूकार्डावर ‘संडे’ वाचलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “पण आज तर बुधवार आहे!” बहुतेक घरांत हा विनोद एकदा तरी होऊन गेलेला असतो. सगळे हसतात. तेवढा वेटर हसत नाही, कारण त्यानं तो त्या दिवसात चारदा ऐकलेला असतो. मग उंच काचेचा पेला येतो, लांब दांड्याचा चमचा येतो, वरची चेरी कुणी खायची यावरून भांडण होतं आणि नावाचा विषय तिथंच संपतो.

आज त्या नावाचाच विषय काढतोय. गोष्ट अमेरिकेतली आहे. सुरुवात गमतीची आहे, शेवट तितका गमतीचा नाही. आणि मधे एक खराखुरा बुधवारही येतो.

सुरुवात औषधाच्या दुकानापासून करू. हो, औषधाच्याच. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानं १७६७ मध्ये पाण्यात वायू मिसळून कृत्रिम सोडावॉटर तयार केलं. जमिनीतून येणारं बुडबुड्यांचं पाणी औषधी असतं, असं युरोपात आधीपासून मानत. त्यामुळे हे नवं पाणीही औषध म्हणूनच विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत ते गेलं केमिस्टच्या हातात. नुसतं पाणी बेचव लागतं म्हणून त्यात फळांची सिरपं आली. सिरपं आली तशी गर्दी आली. बघता बघता औषधाच्या दुकानात एका बाजूला संगमरवरी काउंटर, त्यावर चकचकीत नळ, समोर आरसा आणि उंच स्टुलं, असा थाट उभा राहिला. याला म्हणायचे सोडा फाउंटन. सोड्यात आइस्क्रीमचा गोळा सोडायची कल्पना आली १८७४ च्या सुमारास. तिचं श्रेय सहसा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ग्रीन यांना देतात. आइस्क्रीम सोड्यानं अमेरिकेला वेड लावलं.

आता अडचण काय झाली? रविवार.

अमेरिकेच्या बऱ्याच भागांत जुन्या धर्मनिष्ठ वसाहतींपासून चालत आलेले रविवारचे कायदे होते. रविवार हा देवाचा दिवस. त्या दिवशी चर्चला जायचं, बाकी धंदा, खेळ, तमाशे बंद. काय चालेल आणि काय नाही, हे गावागावावर अवलंबून असे. काही ठिकाणी कडक धार्मिक मंडळींची नजर सोडावॉटरवर गेली. बुडबुडे उडवत, खिदळत प्यायचं हे पेय देवाच्या दिवशी कसं चालेल? तेव्हा रविवारी सोडा बंद! शिकागोजवळचं इव्हन्स्टन हे गाव यासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या सोवळेपणावरून लोक त्याला चेष्टेनं ‘हेवन्स्टन’, म्हणजे स्वर्गपूर, म्हणायचे.

तिथं सांगतात ती गोष्ट अशी. सोडा बंद, पण आइस्क्रीम बंद नाही. सिरपही बंद नाही. मग दुकानदारानं आइस्क्रीम सोड्यातला सोडाच काढून टाकला. वाडग्यात आइस्क्रीम, वर सिरप, झालं! रविवारचा माल म्हणून नाव संडे. देवाच्या दिवसाचं नाव खाण्याला दिल्याबद्दल पुन्हा कुरकुर झाली म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर बदललं. उच्चार तोच.

गोष्ट झकास आहे. पण या पदार्थावर हक्क सांगणारं इव्हन्स्टन एकटं नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं टू रिव्हर्स म्हणतं, १८८१ मध्ये आमच्या एडवर्ड बर्नर्सच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं आइस्क्रीमवर चॉकलेट सिरप ओतायला सांगितलं, तोच पहिला संडे. तसा फलकही त्यांनी गावात लावलाय. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका म्हणतं, तुमच्या आठवणी तुमच्यापाशी, आमच्याकडे कागद आहे.

आणि कागद खरंच आहे. ३ एप्रिल १८९२, रविवार. चर्चमधली प्रार्थना आटोपून धर्मोपदेशक जॉन स्कॉट हे चेस्टर प्लॅट यांच्या औषधाच्या दुकानात आले. प्लॅट यांनी दोन वाडग्यांत आइस्क्रीम घेतलं, वर चेरीचं सिरप ओतलं, एकेक पाकातली चेरी ठेवली. दोघांनी खाल्लं, आवडलं, आणि रविवार होता म्हणून नाव ठरलं ‘चेरी संडे’. दोनच दिवसांनी, ५ एप्रिलला, ‘इथाका डेली जर्नल’मध्ये जाहिरात छापून आली, किंमत दहा सेंट. संडेचा याहून जुना छापील पुरावा आजवर कुणी पुढे आणलेला नाही. टू रिव्हर्स आणि इथाका यांचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. आपल्याकडे मिसळ कुठली खरी यावरून जसं मिटत नाही, तसंच.

इथाकाच्या गोष्टीत एक मौज आहे. इव्हन्स्टनच्या गोष्टीत धर्ममार्तंड आइस्क्रीमच्या मागे लागलेले आहेत, आणि इथाकात धर्मोपदेशक स्वतःच पहिला चमचा मारतोय. दोन्ही गोष्टींत रविवार आहे, काउंटर आहे आणि दोन घटका निवांत बसलेली माणसं आहेत. हे बसणं लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

कारण संडे हा बसून खायचाच पदार्थ आहे. आइस्क्रीमचा कोन तसा नाही. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कोन लोकप्रिय झाला तो याच सोयीमुळे. हातात घ्या आणि चालू लागा. वाडगा परत करायला नको, चमचा नको, जागा नको. संडेला हे सगळं लागतं. शिवाय त्याची खरी मजा वितळण्यात असते. पहिला चमचा नुसत्या क्रीमचा. मग गरम चॉकलेट गार आइस्क्रीमला लागून घट्ट, चिवट होतं, ते दाताखाली येतं. मधेच अक्रोड, मधेच फळाचा आंबट तुकडा. आणि तळाशी उरतं ते खरं बक्षीस: सगळं एकत्र झालेलं, ना धड पातळ ना घट्ट. ते चमच्यानं खरवडायचं. कुणी बघत नसेल तर पेला तोंडाला लावायचा. या सगळ्याला निदान दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्हाला कुणीतरी एका जागी बसू दिलं पाहिजे.

त्याच १९०४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावी, डेव्हिड स्ट्रिकलर या औषधाच्या दुकानातल्या तरुणानं केळं उभं चिरून त्यात तीन गोळे ठेवले. तो बनाना स्प्लिट. गंमत म्हणजे ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दही १९०४ च्याच, ओ. हेन्री यांच्या पुस्तकातून रूढ झाला. केळी विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या तालावर नाचणारे मध्य अमेरिकेतले छोटे देश म्हणजे बनाना रिपब्लिक. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत केळं दहा सेंटांच्या वाडग्यात पडत होतं, त्यामागे हे सगळं होतं.

वाडग्यातल्या इतर गोष्टींमागेही माणसं आहेत. व्हॅनिला घ्या. मेक्सिकोबाहेर व्हॅनिलाची वेल वाढायची पण शेंग धरत नसे, कारण परागीभवन करणारे तिथले किडे बाहेर नव्हते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर १८४१ मध्ये एडमंड या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं एक पातळ काडी आणि अंगठा एवढ्यावर हातानं परागीभवन करून दाखवलं. जगातली बहुतेक व्हॅनिला आजही त्याच पद्धतीनं पिकते. एडमंड अल्बियस १८८० मध्ये गरिबीतच वारला.

आणि आइस्क्रीमचा तो स्कूप, ज्यानं दुकानदार एका हातानं नीट गोल गोळा काढतो? आल्फ्रेड क्रॅल नावाचा कृष्णवर्णीय माणूस पिट्सबर्गमध्ये हमालीची कामं करायचा. आइस्क्रीम वाढणाऱ्यांची फजिती त्यानं पाहिली. गोळा चमच्याला चिकटतो, सोडवायला दुसरा चमचा लागतो. त्यानं एका हातानं चालणारं, आतून पातं फिरून गोळा सोडवणारं यंत्र तयार केलं आणि २ फेब्रुवारी १८९७ ला त्याचं पेटंट घेतलं. यंत्र देशभर गेलं, त्यातून पैसा दुसऱ्यांनीच कमावला.

हे नाव मुद्दाम सांगितलं. आता परत काउंटरकडे.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. तिची मागणी करणाऱ्या चळवळी कितीतरी वर्षं सोडा फाउंटनकडे बोट दाखवत होत्या: गुत्त्यात जाऊ नका, इथं या, बायकामुलांना घेऊन या. बंदी आल्यावर फाउंटनला बरकत आली. युंगलिंग आणि अॅनहायझर-बुश यांसारखे मोठे बिअरवाले आइस्क्रीम बनवू लागले. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तोवर सोडा फाउंटन हा अमेरिकेच्या गावगाड्याचा भाग झाला होता. शाळा सुटल्यावर पोरं तिथं, पहिल्या भेटीला जोडपं तिथं, चर्चनंतर कुटुंब तिथं. सिनेमात, मासिकांच्या मुखपृष्ठांवर तेच चित्र. अमेरिका म्हणजे कोण, तर या स्टुलांवर बसलेली ही हसरी माणसं.

त्या चित्रात काळा माणूस नसे. असलाच तर काउंटरच्या आतल्या बाजूला, भांडी विसळताना.

दक्षिणेत तर हे उघड होतं. दुकानात काळ्यांनी यावं, साबण घ्यावा, औषध घ्यावं, पैसे द्यावेत. पैशाला कसला आलाय रंग! पुष्कळ ठिकाणी खाण्याचा पुडाही मिळे, बाहेर नेऊन खायला. फक्त काउंटरवर बसायचं नाही. म्हणजे कोन चालेल, संडे नाही. आइस्क्रीम विकायला हरकत नव्हती. हरकत होती ती शेजारी बसण्याला, त्याच वाडग्यात, त्याच चमच्यानं खाण्याला. हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट दक्षिणेतली नाही. ती आयोवा राज्यातली आहे, उत्तरेतली. तिथं असा भेदभाव करणं हा गुन्हा होता. आयोवानं १८८४ मध्येच नागरी हक्कांचा कायदा केला होता. १८९२ मध्ये तो वाढवून त्यात उपाहारगृहं, लंच काउंटर आणि अल्पोपाहाराच्या सगळ्या जागा घातल्या. साल लक्षात आलं ना? इथाकात चेरी संडेची जाहिरात छापून आली तेच वर्ष.

आता ७ जुलै १९४८. वार, बुधवार.

दे मॉइन ही आयोवाची राजधानी. उन्हाळ्याचे दिवस. एडना ग्रिफिन ही अडतिशीतली, फिस्क विद्यापीठात शिकलेली कृष्णवर्णीय बाई, तिची साधारण वर्षाची मुलगी फिलिस, सोबत जॉन बिब्ज आणि लेनर्ड हडसन हे दोघं कृष्णवर्णीय कार्यकर्ते, असे कॅट्झ ड्रग स्टोअरमध्ये शिरले. कॅट्झ ही कॅन्सस सिटीची मोठी साखळी. एडना आणि बिब्ज काउंटरवर बसले आणि त्यांनी आइस्क्रीम संडे मागवले. वाढणाऱ्या मुलीनं ऑर्डर घेतलीसुद्धा. मग कुणीतरी येऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती परत आली ती नकार घेऊन. काळ्यांना इथं वाढत नाहीत. एडनानं व्यवस्थापकाला बोलवायला सांगितलं. मॉरिस कॅट्झ आले. त्यांचं म्हणणं, काळ्या गिऱ्हाइकांना वाढायची आमच्याकडे सोय नाही.

सोय नाही! आइस्क्रीम आहे, सिरप आहे, वाडगा आहे, चमचा आहे, आल्फ्रेड क्रॅलच्या युक्तीवर चालणारा स्कूप आहे. कशाची सोय नाही?

माणसं निमूटपणे बाहेर पडली. पण प्रकरण सोडलं नाही. सरकारतर्फे फौजदारी खटला उभा राहिला. ज्युरीनं मॉरिस कॅट्झ यांना दोषी ठरवलं, दंड झाला पन्नास डॉलर. कॅट्झ वरच्या कोर्टात गेले. इकडे एडनानं शहरात आघाडी उघडली. दुकानासमोर फलक घेऊन उभं राहायचं, पत्रकं वाटायची, आत जाऊन काउंटरवर बसायचं. तिनं नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावला, दहा हजार डॉलरचा. ज्युरीनं तिचं म्हणणं मान्य केलं आणि भरपाई दिली एक डॉलर.

एक डॉलर. म्हणजे हक्क तुझा खरा, पण किंमत एवढीच.

डिसेंबर १९४९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं मॉरिस कॅट्झ यांची शिक्षा कायम केली आणि त्या काउंटरवरची आडकाठी संपली. कायद्यात लंच काउंटर हा शब्द आल्यापासून सत्तावन्न वर्षांनी. रोझा पार्क्स यांची बस अजून सहा वर्षं लांब होती.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. इव्हन्स्टनमध्ये सोडाबंदीचा नियम झाला, तर दुकानदारानं त्यातून वाट काढायला किती वेळ लावला? गोष्ट खरी धरली तर फार तर काही रविवार. बंदी घालणारा कायदा गैरसोयीचा असला की अख्खं गाव हुशार होतं. आणि हक्क देणारा कायदा? तो पुस्तकात आहे, दुकानदाराला माहीत आहे, पोलिसाला माहीत आहे, तरी अर्धं शतक निजून राहतो. तो आपोआप उठत नाही. कुणीतरी पोरीला कडेवर घेऊन आत जावं लागतं, स्टुलावर बसावं लागतं आणि साध्या आवाजात म्हणावं लागतं, एक संडे द्या.

पुढचा इतिहास बराच जणांना माहीत आहे, तरी धागा तुटू नये म्हणून सांगतो. २३ जून १९५७. हाही रविवारच. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी धर्मोपदेशक डग्लस मूर सहा तरुण-तरुणींना घेऊन रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये गेले आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात बसले. मधे भिंत होती, काळ्यांचं दार वेगळ्या रस्त्यावर होतं. सातही जणांना अटक झाली, दहा-दहा डॉलर दंड झाला आणि वरच्या कोर्टातही ते हरले. पासष्ट वर्षांपूर्वी एका धर्मोपदेशकाला रविवारी दुकानदारानं प्रेमानं वाडगा पुढे केला होता. या धर्मोपदेशकाला पोलीस घेऊन गेले.

१९ ऑगस्ट १९५८ ला ओक्लाहोमा सिटीत क्लॅरा लूपर या शिक्षिकेनं तेरा मुलांना सोबत घेऊन काउंटर गाठला. दुकान कुठलं? कॅट्झच. दे मॉइनमध्ये कोर्टानं कान धरला होता, पण ओक्लाहोमात तसा कायदा नव्हता, म्हणून तिथं जुनंच चालू होतं! मुलांनी कोका-कोला मागितला, मिळाला नाही, मुलं बसून राहिली. काही दिवसांतच कॅट्झनं काउंटर खुले केले. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोच्या वूलवर्थमध्ये चार विद्यार्थी बसले आणि बघता बघता दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पोरं काउंटरवर बसू लागली. २८ मे १९६३ ला मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये बसलेल्यांच्या डोक्यावर जमावानं साखर, मोहरीची चटणी आणि केचप ओतलं, मारहाण केली. त्याचा फोटो आहे. काउंटरवरच्या ज्या बरण्या पदार्थांवर ओतायच्या, त्या माणसांवर रिकाम्या केल्या होत्या. माणसं उठली नाहीत.

२ जुलै १९६४ ला अमेरिकेचा नागरी हक्क कायदा झाला. भेदभाव कुठे करता येणार नाही, याची त्यात यादी आहे. उपाहारगृह, कॅफेटेरिया, लंच काउंटर, आणि पुढे चक्क सोडा फाउंटन. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या कायद्यात सोड्याच्या नळाचा उल्लेख का, असं कुणाला वाटेल. वर सांगितलेली माणसं आठवली की वाटत नाही.

आता आपल्याकडे येतो. यायलाच हवं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पक्का झाला. पाण्याला हात लावायची सोय मात्र झाली नाही. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे: लोकांवर हल्ले झाले, तळ्यात पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ झाली, नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठराव, नकार, कृती, कोर्ट. दे मॉइनमध्ये तोच क्रम, फक्त एकवीस वर्षांनी. तिथं आइस्क्रीम होतं, इथं नुसतं पाणी. दोन्हीकडे प्रश्न तहानेचा किंवा जिभेचा नव्हताच. सगळ्यांच्या जागेत सगळ्यांसारखं वागता येणं, एवढाच होता.

म्हणून आपल्या संविधानातलं कलम १५ वाचताना माझं लक्ष दुसऱ्या उपकलमावर थांबतं. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट. मोठमोठ्या तत्त्वांच्या मधोमध ही किराणा सामानासारखी यादी का? कारण लिहिणाऱ्यांना माहीत होतं की माणसाला अडवलं जातं ते तत्त्वाच्या पातळीवर नाही, दुकानाच्या उंबऱ्यावर. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, आयोवाच्या न्यायालयाचा तो निकाल आला त्याच्या काही आठवडे आधी. ‘सोडा फाउंटन’ हा शब्द अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात यायला आणखी चौदा वर्षं लागली. याबाबतीत आपण पुढे होतो, कागदावर.

कागदावर हा शब्द मुद्दाम लिहिला. चहाच्या दुकानात काहींसाठी वेगळा कप ठेवायची रीत अजून सगळीकडून गेलेली नाही. घर भाड्यानं देताना आधी आडनाव विचारलं जातं, मग ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का’ विचारलं जातं, मग अचानक ‘घर गेलं हो कालच’. कॅट्झसाहेबांची ‘सोय नाही’ ही भाषा मरत नाही, ती फक्त नम्र होत जाते.

जाता जाता फाउंटनचं काय झालं तेही सांगतो. गाड्या आल्या, ड्राइव्ह-इन आले, घरोघरी फ्रीज आले. औषधाच्या दुकानातले संगमरवरी काउंटर १९५० नंतर एकेक करून निघत गेले. सगळ्यांना बसायची परवानगी मिळेपर्यंत बसायची जागाच उरली नाही, असं बऱ्याच गावांत झालं. ग्रीन्सबरोच्या त्या काउंटरचा एक तुकडा मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, स्टुलांसकट. आणि दे मॉइनमध्ये ज्या इमारतीत ते कॅट्झचं दुकान होतं, तिला १९९८ मध्ये नाव दिलं गेलं एडना ग्रिफिन बिल्डिंग. तेव्हा एडना हयात होती. २००० साली ती वारली. ज्या दारातून संडे न खाता बाहेर पडावं लागलं, त्यावर आपलं नाव लागलेलं तिला बघायला मिळालं.

हे वाचून संडे खायचा सोडू नका. उलट खाच. घाई न करता, बसून, तळ खरवडून खा. खाण्यापिण्याच्या मजेत कमीपणा काही नाही. एवढी माणसं त्यासाठी अटकेत गेली ती मजा क्षुल्लक होती म्हणून नव्हे. ती सगळ्यांची आहे, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. फक्त पुढच्या वेळी स्टुलावर बसताना शेजारच्या स्टुलावर कोण बसलंय आणि कोण कधीच दिसत नाही, एवढं बघा.

आणि घरातल्या कुणी “आज तर बुधवार आहे” असा विनोद केलाच, तर हसून झाल्यावर त्याला ७ जुलै १९४८ चा बुधवार सांगा. आइस्क्रीम वितळायच्या आत सांगून होतो.